गेटवरची बाई

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. याच कॉलममधले अनुभव वाचून खाली "पुरावा काय?" असं विचारणाऱ्यांतली मी. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली. इंजिनिअर आहे, आणि गेटमनची पोरगी आहे. दोन्ही ताठ मानेनं सांगते. परभणीच्या पुढं, शेतांमधून जाणाऱ्या सिंगल लाइनवर आमचं फाटक होतं. शेजारी एका खोलीचं क्वार्टर. तिथंच शिकले.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मी शाळेत होते तेव्हा दादा ड्युटीवरच गेले. भर दुपारी. मालगाडी येणार म्हणून फाटक बंद केलं आणि छातीत कळ आली. मायनं त्यांना केबिनबाहेरच्या बाजेवर निजवलं, तेवढ्यात इंजिनाची शिट्टी झाली. गाडी आली की गेटमननं हिरवी झेंडी घेऊन उभं राहायचंच... दादांनी झेंडीकडे बोट केलं. माय झेंडी घेऊन रुळाकडे तोंड करून उभी राहिली. मालगाडी लांबलचक. शेवटचा डबा गेल्यावर वळली, तर सगळं संपलं होतं.

तेव्हापासून मायची एक सवय — निजलेल्या माणसाकडे पाठ करायची नाही. मला ताप आला की खोलीतून उलट्या पावलांनी जायची, देवळातून निघावं तशी. माझ्या नोकरीमुळे बंगळुरूला आलो, तर सर्जापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्येही तेच. माझा नवरा नीलेश चेष्टा करायचा, "आई, मी काय देव आहे? पाठ केलीत तरी कोपणार नाही!" माय हसायची, आणि मागं जाता जाता टीपॉयला धडकायची.

मला मात्र एकदा म्हणाली होती, "शेवटच्या घडीला त्यांच्यापाशी कुणीच नव्हतं, सुमे. मी व्हते... पण पाठ करून."



मेघना माझी ऑफिसातली मैत्रीण. तिचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरूत, मराठी अर्धं कन्नडात भिजलेलं. तिचे वडील, अण्णा, रिटायर्ड इंजिनिअर. त्यांनी गच्चीवरच्या खोलीत छोटी रेल्वे उभारली आहे. "आईंना घेऊन ये गं, रेल्वेतल्याच त्या," मेघना म्हणाली. एका रविवारी दुपारी गेलो.

मी थक्कच झाले. खोलीभर टेबल, त्यावर घाट, बोगदे, पूल, कन्नड पाटीचं स्टेशन, प्लॅटफॉर्मवर नखाएवढी माणसं.

"बा अक्का, या, स्वल्प सावकाश, वायरी आहेत," अण्णांनी मायला स्टूल दिलं. "कुठली गाडी सोडू?"

"मालगाडी हाय का?" माय म्हणाली.

"आहे की! सगळे पॅसेंजर मागतात. तुम्हीच पहिल्या, मालगाडी मागणाऱ्या."

मी मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. इंजिनानं बारीक शिट्टी दिली... आणि माय उठून उभी राहिली. पदर खोचला. टेबलाच्या कडेला एक फाटक होतं, तिकडे बघत तिनं माझं मनगट गच्च धरलं.

मी वाकले. फाटकाजवळ एक बाई उभी होती. पेराएवढी. पदर खोचलेला, हातात हिरवी झेंडी, तोंड रुळाकडे. तिच्या मागं एक बाज. बाजेवर एक माणूस कोपरावर रेलून अर्धवट उठलेला... आणि तिच्याकडे बघत होता. नुसतं तोंड तिकडे नव्हतं. बघत होता. डबे जात राहिले, आणि तो बघत राहिला.

शेवटचा डबा गेला. माझी पापणी लवली असेल तेवढंच. फाटकाजवळ खाकीतला एक गेटमन. बाज नाही. बाई नाही.

"अण्णा, इथली बाई?"

"बाई? इल्लम्मा, बाई नाहीच इथं. हा गेटमन मी स्वतः चिकटवलाय."

"आणि बाज?"

"बाज कशाला ठेवीन? ड्युटीवर झोपायला?" अण्णा हसले. मग त्यांचं लक्ष मायकडे गेलं. ती पदर तोंडाला लावून रडत होती.

दादा रेल्वेत होते एवढंच मेघनाला ठाऊक; ते कसे गेले, हे मी तिला किंवा अण्णांना कधीच सांगितलेलं नव्हतं. घरी आल्यावर व्हिडिओ परत परत पाहिला. त्यात पहिल्यापासून गेटमनच आहे, एकटा. फक्त शेवटी मायचा आवाज आहे — "त्ये बघत व्हते गं माझ्याकडं..."

त्या रात्री मला अंगदुखी होती. मायनं पांघरूण घातलं, दिवा मालवला, आणि वळून सरळ चालत बाहेर गेली. दादा गेल्यापासून, निजल्या जागेवरून तिची पाठ मी पहिल्यांदा तेव्हा पाहिली.

गेल्या थंडीत ती आजारी पडली. हॉस्पिटलमध्ये नर्सनं मला खालून औषध आणायला सांगितलं. मी निघाले — आणि कळलं, मीच उलट्या पावलांनी चाललेय. नजर तिच्यावरून हलेना.

"पडशील की," माय म्हणाली. "नीट वळून जा. मी बघतीय तुला."

मी वळले. दारापर्यंत, मग कॉरिडॉरभर, पाठीवर तिची नजर होती.

औषध घेऊन आले तेव्हा माय गेली होती. डोळे उघडेच होते, दाराकडे.

त्या दुपारी टेबलावर आम्ही काय पाहिलं, ते मला आजही सांगता येत नाही. व्हिडिओ दाखवला तर तुम्हीही मला हसाल, कारण पुरावा उलटाच आहे. पण मायच्या शेवटच्या घडीला मी पाठ करून चालत होते, आणि ते आठवून मला रडू येतं... तिच्यासारखी बोच मात्र लागत नाही. ती मला बघत होती, हे मला ठाऊक आहे. टेबलावर तो गेटमन एकटाच उभा असेल, तर हा दिलासा मला कुणी दिला?