राखीचा वकील

ये गं, अशी जवळ सरक. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, तू समोर बसली आहेस असंच धरून बोलणार आहे मी. आणि आधी बोलणी खा. सख्खी पुतणी असलीस तरी सोडणार नाही. काल फोनवर केवढ्या आनंदात सांगितलंस, "काकू, वकील मिळाला! ह्यांच्या साहेबांच्या मेव्हण्याच्या ओळखीतला आहे, एकदम घरच्यासारखा." कसली कामं करतो विचारलं, तर म्हणालीस, "घटस्फोटाची. पण सगळंच करतात गं ते." बिल्डर तुला फ्लॅटचा ताबा देत नाही, आणि तू निघालीस घटस्फोटवाल्याकडे. बिल्डरशी लग्न लागलंय का तुझं? दाढ दुखली तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातेस का? आणि वर घरच्यासारखा म्हणे! त्या एका शब्दानं माझं डोकं जे फिरलंय, ते अजून जागेवर आलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर तू पाहिलंस ते आत्ताचं. गाव महापालिकेत आलं, उसाच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या, पण माणसं गावचीच राहिली. अख्ख्या पुण्यात वकिलांना तोटा नाही, आमच्या घराला मात्र एकच, वडिलांच्या वेळेपासूनचे 'वकीलसाहेब'. बांध कोरला, जा साहेबांकडे. कुणी दारू पिऊन कुणाचं डोकं फोडलं, जा साहेबांकडे. नातवाच्या जन्मदाखल्यात नाव चुकलं, तरी साहेबांकडेच. लग्नात पहिला फेटा त्यांना, जत्रेत पहिला नारळ त्यांच्या हातात. आणि आमच्या घरातल्या लेकी त्यांना दर वर्षी राखी बांधायच्या. हसू नकोस. वकिलाला राखी! मीही बांधलीय, लग्न होऊन नारायण पेठेत येईपर्यंत. त्यांना सोडून दुसरा वकील करायचा म्हणजे घराची अब्रू घालवायची, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. वडिलांनी स्वतः तिला परत आणलं आणि रस्त्याकडेच्या दोन खोल्या राहायला दिल्या. "ह्या तुझ्या," म्हणाले, झालं. कागद ना काही. तिथं ती ब्लाउज शिवते, दारात तिचं कढीपत्त्याचं झाड आहे. वडील गेले, रस्ता रुंद झाला आणि दादाला त्या दोन खोल्या खुपायला लागल्या. बिल्डरला जागा अख्खी पाहिजे होती, आणि रिकामी. दादा तिला म्हणाला, "तू आक्काकडं जा पेठंत. न्हाईतर आमच्या घरात मागली खोली हायेच की." मागली खोली म्हणजे पंपाची खोली. खताच्या पोत्यांशेजारी माझ्या बहिणीनं म्हातारपण काढायचं!

ती कुठं गेली असेल? राखी पौर्णिमेला ताट घेऊन साहेबांच्या घरी. राखी बांधली, ओवाळलं, आणि ओवाळणी म्हणून एवढंच मागितलं की माझ्या खोल्या वाचवा. साहेबांनी डोक्यावर हात ठेवला. "तू निर्धास्त राहा. तुझे कागद माझ्याकडे ठेवून जा, मी बघतो." तिनं वडिलांचा मृत्यूचा दाखला, जुने उतारे, वीजबिलं, सगळं पिशवीसकट त्यांच्या हवाली केलं आणि खरोखर निर्धास्त झाली. मला फोन करून म्हणते, "साहेब हायेत आपले. आता कशाचं भ्या?"

पुढे एकदा जागेची मोजणी आली. मोजणीवाले, बिल्डरची माणसं, दादा, आणि दादाच्या शेजारी छत्री धरून कोण उभं, तर वकीलसाहेब! टेप तिच्या दारापर्यंत आली तशी ती बाहेर धावली. आणि ह्या माणसानं तिला बघून काय म्हणावं? "अगं, चहा टाक सगळ्यांना."

तिनं टाकला. हे मला सांगताना तिला रडू आलं. "आक्का, त्यांनी सांगितलं आन् मी टाकला गं. माझंच घर मोजत व्हते आन् मी साखर इचारत व्हते."

माझी झोप त्या चहानं उडाली ती उडालीच. साहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणतात, "दोघंही माझीच लेकरं. मी मधला मार्ग काढतोय." मधला मार्ग! खोल्या पाडायच्या की ठेवायच्या, यात मध्ये काय असतं? छप्पर काढून भिंती ठेवायच्या?

मग माझी अक्कल. आमच्या बिल्डिंगमध्ये एक वकील राहतात, कोर्टात उभे राहिले की भिंती हादरतात म्हणे. बहिणीला घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "मारहाण झाली?"

"नाही."

"शिवीगाळ? धमकी?"

"तसं तोंडानं काही नाही. पण दारात खडीचा ढीग टाकलाय."

"मग जरा होऊ द्या, मग बघतो त्यांच्याकडे."

जरा होऊ द्या! म्हणजे माझ्या बहिणीनं आधी मार खाऊन यायचं, ह्यांना त्यांच्या सवयीची केस मिळावी म्हणून! तरी आम्हाला चौकीत घेऊन गेले. तिथल्या हवालदारानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, हे दिवाणी आहे. आम्ही काय करणार?" परत येताना रिक्षात वकील आम्हालाच ऐकवतात, "तुमची केस कमजोर आहे." अहो, केस कमजोर नव्हती, तुम्ही फौजदारी करता आणि आमचं काम जमिनीचं! तेवढं पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर तोंड दुखलं असतं का? पण नाही. 'हे माझं काम नाही' असं म्हणायला पुण्यात फक्त दुकानदार तयार असतात. ते मात्र दिवसभर म्हणतात.

मग मी कुणाची ओळख काढली नाही. डबा घेतला आणि शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जाऊन बसले. तू म्हणशील, काकू काहीही करते. अगं, दवाखान्यात बाकावर बसलं की कोणता डॉक्टर कशाचा हे पेशंटच सांगतात, तसंच ते. शेजारी येईल त्या बाईला विचारायचं, "तुमचं काय?" एकीचं पोटगीचं, एकीचा चेक परत गेलेला, एकीच्या मुलाला पकडलेलं. दुसऱ्या खेपेला एक बाई भेटली, आमच्यासारखीच गावातून शहरात आलेली, भावांशी वाटपाचा दावा चालू असलेली. तिला विचारलं, "वकील तारखेला स्वतः येतात का?" ती म्हणाली, "माझ्या आधी येऊन बसतात." म्हटलं, नाव सांग.

त्या वकील बाई हसल्या नाहीत, पाणी विचारलं नाही, "घरच्यासारखं समजा" तर मुळीच म्हणाल्या नाहीत. विचारलं, "जागा कुणाची होती? आज तिथं राहतं कोण? समोरच्यांचा वकील कोण?" तिसऱ्याचं उत्तर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "एकाच जागेत भावाचंही काम आणि बहिणीचंही? त्यांनी पहिल्याच दिवशी तुम्हाला नाही म्हणायला हवं होतं." मग म्हणाल्या, "मी फक्त जमिनीचे आणि वाटपाचे दावे चालवते. उद्या कुणाला अटक झाली तर माझ्याकडे येऊ नका. आणि आधी ते कागद परत आणा."

कागद आणायला आम्ही दोघी साहेबांच्या ऑफिसात गेलो. बहीण चपला काढून दाराशीच उभी राहिली. साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "पोरी, मला राखी बांधतेस आणि माझ्यावर विश्वास नाही? वडील असते तर काय म्हणाले असते?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच बोलली. आयुष्यात कधी त्यांच्यापुढं मान वर केली नव्हती तिनं. "साहेब, राखी भावाला बांधली व्हती. वकील आता दुसरा केलाय. माझी पिशवी द्या."

"घरचं भांडण चव्हाट्यावर नेणार तू?"

"मोजणीला समदं गाव गोळा केलंत, तवा चव्हाटा न्हवता व्हय?"

पिशवी मिळाली. निघताना सवयीनं ती त्यांच्या पाया पडायला वाकली, तर मी तिचा दंड धरून तिला सरळ उभी केली. ते बरं झालं की नाही, मला ठाऊक नाही, पण मला बरं वाटलं.

दावा दाखल झाला. निकाल लागेपर्यंत खोल्यांना हात लावायचा नाही, असा मनाई हुकूम कोर्टानं दिला. खडी अजून दारात आहे. दादा बोलत नाही, वहिनी तिला बघून रस्ता ओलांडते, आणि साहेब जत्रेत अजून पहिला नारळ घेतात. घेऊ देत. माझा राग कमी झालेला नाही आणि व्हावा अशी इच्छाही नाही.

तेव्हा तू काय करायचं ते ऐक. त्या घटस्फोटवाल्याला गोड बोलून नमस्कार कर. ताबा न देणाऱ्या बिल्डरांच्याच केसेस जो चालवतो, तो शोध. त्याला तोंडावर विचार, अशी केस याआधी कधी केलीत, आणि माझ्या बिल्डरचं काम तुम्ही किंवा तुमच्याकडचं कुणी करत नाही ना. राग आला त्याला तर येऊ दे. आणि "सगळं करतो" म्हणाला की पर्स उचलून उठायचं.

एक शेवटचं. वकील बाईंनी बहिणीला बजावलंय, ताबा सोडू नका. कुलूप लावून चार दिवस गेलात तर परत येईपर्यंत दारावर दुसऱ्याचं कुलूप असेल. त्यामुळे ती दिवाळीलाही माझ्याकडे आली नाही. तिथंच स्वयंपाक करते, तिथंच मशीन चालवते, संध्याकाळी दारात बसते. तिला येता येत नाही, म्हणून आपण जायचं. त्या घरात माणसं येता-जाताना गावाला दिसली पाहिजेत. तू स्वारगेटला ये, मी तिथं थांबते, पुढची बस दोघी मिळून धरू. तुझे फ्लॅटचे कागद बरोबर आण, बसमध्ये बघू. रात्री तिच्याकडेच राहायचं, ती कढीपत्ता घालून आमटी करेल. उगाच पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस. ह्याच रविवारी ये.