सिहारच्या चिखलात मामा

या ब्लॉगवर तुम्ही किल्ले वाचले, कोकणातले किनारे वाचले, मनालीत माझं पोट बिघडलं तेही चवीनं वाचलं. आज माती वाचा. होय, साधी शेतातली माती. ती बघायला मी भर आषाढात, स्वतःच्या इंडिकाने, स्वतःचं पेट्रोल जाळून अकोल्याहून गोंदिया जिल्ह्यात गेलो. का गेलो, तर नामदेवमामांमुळे.

नामदेवमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, अकोल्याकडचे कापूसवाले शेतकरी. जगात माती एकच, काळी, आणि बाकीची सगळी धूळ, असं त्यांचं मत आहे. त्यांची मुलगी सुषमा नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिथंच रोशन भेटला. मुलगा सरळ, नोकरी पक्की, जातही जुळली, म्हणजे आमच्याकडे लग्न जवळजवळ लागलंच म्हणायचं. पण पहिल्या भेटीत मामांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "काळी किती?" पोरगं गांगरलं. बाबांना विचारून सांगतो म्हणालं. मामांनी तिथंच जाहीर केलं की शेत पाहिल्याशिवाय पोरगी देणार नाही.

"मामा, आषाढात सोयरीक बोलत नाहीत," मी सुटायचा प्रयत्न केला.

"बोलून नाही राह्यलो. पाहून राह्यलो."

त्याच संध्याकाळी सुषमाचा फोन आला. "दादा, तू जा त्यांच्यासोबत. मला पळून-बिळून जायचं नाही. बाबा हो म्हणाले तरच लग्न करीन, आणि लग्न मला रोशनशीच करायचं आहे. आता तू बघ." म्हणजे ओझं आलं माझ्या डोक्यावर. तिला मी लहानपणी सायकलवर बसवून शाळेत सोडलेलं आहे, नाही कसं म्हणणार?

निघण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. मामांचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. वर काळीभोर, खोल, ढेकूळ फोडलं तर लोण्यासारखी माती, आणि खाली पाणी खारं. विहिरीचं पाणी पिकाला द्यावं तर जमीन बिघडते, प्यावं तर तोंड बिघडतं. नळ येण्याआधी मामीने कोसावरून गोड पाणी डोक्यावर वाहिलंय. मामा वरच्या मातीबद्दल तासभर बोलू शकतात. खालच्या पाण्याबद्दल मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नाही.

पहिला दिवस सगळा रस्त्यात गेला. अमरावती, मग नागपूर. नागपुरात तर्री-पोहे खाल्ले, मामांनी तर्री दोनदा मागून घेतली आणि मग पोटावर हात फिरवत बसले. भंडारा सोडेपर्यंत ते खूश होते. नंतर खिडकीबाहेर रंग बदलायला लागला. कापूस संपला, तूर संपली, आणि दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या लहान लहान चौकटी सुरू झाल्या. इकडे त्यांना बांधी म्हणतात. मधूनमधून तलाव, मागे जंगलाची गडद रेघ, आणि जिथं बांध फुटलाय तिथं माती चक्क पिवळी.

"हे काय माती हाय?" मामा म्हणाले. "याच्यात तं हळद सांडली."

मुक्काम साकोलीला. लॉज साधा, पाचशेच्या आत, गरम पाणी मागितलं की मिळतं, मच्छरदाणी मागितली तर मालक हसतो. ओडोमॉस घेऊन जा. जेवणात भात, वरण, भात. मामांनी पोळी मागितली तर वेटर म्हणाला, "चावल और लाता हूँ ना, काकाजी." विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोहमाऱ्याच्या चौकातून उजवीकडे वळलो. हा रस्ता नवेगावबांधवरून अर्जुनीकडे जातो आणि पावसाळ्यात फार देखणा असतो. खड्डेही तेवढेच देखणे आहेत, सावकाश चालवा. गावाच्या फाट्यावर रोशनचे वडील, हिरालालभाऊ, मोटारसायकल घेऊन भिजत उभे होते. उंच, किडकिडीत, चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या पोराची कळा. "या जी, या. तरास तं नाही झाला ना जी?" असं म्हणत त्यांनी मामांच्या हातातली छत्री काढून घेतली आणि ती मामांच्याच डोक्यावर धरली. स्वतः भिजतच राहिले.

घरी चहा झाला आणि मामा लगेच उठले. "शेत दाखवा."

हिरालालभाऊंनी आम्हाला गावाखाली, पार नाल्याच्या काठाला नेलं. तिथं खरंच काळी होती. इकडचे लोक तिला कन्हार म्हणतात. उतारावरून वाहून आलेली बारीक माती पिढ्यान् पिढ्या तळाशी साचते, तीच ही. मामांचा चेहरा उजळला. त्यांनी चिमूटभर माती उचलली, बोटांत मळली, तिची वात केली, आणि मग काही कळायच्या आत वहाणांसकट आत उतरले. दोन पावलं गेले आणि नडगीपर्यंत रुतले. एक वहाण मातीने ठेवून घेतली ती घेतलीच. मी आणि हिरालालभाऊंनी दोन्ही बाजूंनी ओढून त्यांना बाहेर काढलं, तरी मामा आनंदात.

"माती हाय बॉ," ते म्हणाले. "इथं कापूस काहून नाही लावत?"

"पाऊस जास्त जी. बोंड सडते."

"अन किती हाय ही?"

हिरालालभाऊंनी हात लांब करून एक गोल फिरवला. आकडा काही सांगितला नाही. मला एक गोष्ट खटकली. आपल्याच शेतात त्या माणसाला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाय कुठं ठेवायचा हे चाचपावं लागत होतं. पण मला काय, काम होत आलं होतं. मनातल्या मनात मी सुषमाला फोन लावलासुद्धा.

परत येताना चढ लागतो, आणि तो मला आवडला. एकाच उतारावर अख्खा जिल्हा मांडून ठेवल्यासारखा दिसतो. पार वर, जंगलाच्या कडेला, लाल मुरमाड बरड. तिथं पाणी थांबत नाही, झुडपं आणि गुरं तेवढी. त्याच्या खाली पिवळसर सिहार, अर्धी वाळू अर्धी चिकणमाती. त्याच्या खाली करडी मोरांड, आणि तळाला ती कन्हार. पाऊस इथं चार महिन्यांत इतका कोसळतो की वर्षाचा हिशेब तिथंच मिटतो, आणि उन्हाळ्यात ऊन असं की हीच सिहार विटेसारखी कडक होते, कुदळ मारली तर आवाज येतो. ओली केली की तीच दह्यासारखी मऊ. चिखल केला की खाली थर धरते आणि पाणी अडवून ठेवते. धानाला आणखी काय पाहिजे? पण हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, मामांना तर नव्हतंच.

त्या सिहारच्या बांध्यांत बायका रोवणी करत होत्या. दहाबारा जणी, डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, कमरेत वाकून धानाची हिरवी रोपं, म्हणजे पऱ्हे, चिखलात खोचत उलट्या सरकत होत्या. हिरालालभाऊंची चाल एकदम वाढली. "चला जी, चला, भात थंडा होते," म्हणत ते मामांना जवळजवळ ढकलायला लागले.

उपयोग झाला नाही. एक वयस्कर बाई सरळ झाली. तिचं नाव सुगंधाबाई, हे नंतर कळलं. "मालक, पाव्हने घेऊन कुठी पळाले?" तिनं हाक मारली. "आज आपला रोवना सरून राहिला ना जी."

आता इथली रीत ऐका. ज्या दिवशी रोवणी संपते त्या दिवशी बायका मालकाला चिखल माखतात, मालक त्यांना गोडाचं जेवण देतो. मालकाचा पाहुणा सापडला तर दुधात साखर. मामा पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, एका पायात वहाण, दुसरा काळा. चार जणी धुऱ्यावर चढल्या आणि क्षणात मामा तोंडासकट पिवळे झाले. मलाही सोडलं नाही. माझ्या कानातून दुसऱ्या दिवशीपर्यंत सिहार निघत होती.

मामा हसत होते. मग हसता हसता थांबले.

"बाई, मालक कोणता म्हनलं तुमी?"

"हे का उभे आहेत. हिरालालभाऊ."

"मग ते नाल्याजवळची काळी?"

"ते तं पाटलाची जी," सुगंधाबाई निर्मळपणे म्हणाली. "आमच्या मालकाची ही सिहार. धुऱ्यापासून तं त्या मोहाच्या झाडापर्यंत."

हिरालालभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. "चुकलं जी," ते म्हणाले. "पोरानं सांगतलं, सुषमाच्या बाबाले काळीच पाह्यजे. माझ्याजवळ हातभर बी काळी नाही. मी म्हनलो, पोराचं मन बसलं हाय, एक रोज दाखवून देऊ. पाटलाले विचारूनच नेलो होतो जी, चोरून नाही."

आमच्याकडचा नियम असा की मामा ओरडले तर प्रकरण सुधारतं, गप्प बसले तर गेलं. ते न ओरडता तोंड धुवायला बांधीच्या कोपऱ्यावरच्या विहिरीकडे गेले. हिरालालभाऊंनी धावत जाऊन बादली ओढून दिली. मामांनी ओंजळीने चिखल धुतला, चूळ भरली, आणि चूळ टाकता टाकता थबकले. मग ते पाणी प्यायले. पुन्हा ओंजळ पुढे केली, पुन्हा प्यायले. हिरालालभाऊ बिचारे ओततच राहिले.

"उन्हाळ्यात?" मामांनी एवढंच विचारलं.

"राहते जी. इटियाडोह धरणाचा नहर जवळ हाय, झिरपा येते."

जेवायला चिन्नोरचा भात होता. सुवास ओसरीपर्यंत येत होता, आणि सोबत झिंग्याची चटणी आणि वरण. तुम्ही तिकडं गेलात आणि कोणी चिन्नोर वाढला तर पोळी मागू नका. मामांनी मागितली नाही. मुकाट्याने दोनदा भात घेतला, हात धुतले, "येतो" म्हणाले आणि गाडीत बसले. हिरालालभाऊ फाट्यापर्यंत मोटारसायकलवर पुढे आले, आणि तिथं हात जोडून उभे राहिले. मला त्या माणसाची फार दया आली.

निघण्याआधी मामांनी माझी रिकामी बाटली मागून नेली होती आणि त्या विहिरीवरून भरून आणली होती. मला वाटलं, इंडिकाच्या रेडिएटरची काळजी.

परतीच्या रस्त्याला सुषमाचे फोन येत होते, मी उचलत नव्हतो, काय सांगणार? बडनेरा आल्यावर मामा बोलले.

"खोटं बोलला लेकाचा."

"मामा," मी म्हटलं, "तुमच्या विहिरीचं तुम्ही त्यांना सांगितलं?"

"त्यानं विचारलं नाही."

घरी पोचलो. मामीने सदरा पाहिला आणि कपाळाला हात लावला. मामांनी बाटली तिच्या हातात दिली. ती घोटभर प्यायली, थांबली, आणि उरलेली अख्खी बाटली तिनं उभ्या उभ्या संपवली.

"कुठलं हो हे?"

"तिकडचं. शेतातल्या विहिरीचं."

"पोरीच्या शेतातच गोड पाणी, अन तुमी कायचा इचार करून राह्यले?"

"तो माणूस खोटारडा हाय."

"अन तुमी?" मामी म्हणाली आणि सदरा भिजत घालायला निघून गेली.

माझ्या गाडीच्या पायपुसण्यावर त्या सिहारचा डाग अजून आहे. मामांच्या पायाची काळी वाळून पोपडे होऊन पडली, पिवळी मात्र कापडात शिरून बसली. प्रवासातून माणसं मूर्ती आणतात, शाली आणतात. मी डाग आणला आणि तो मला आवडतो.

दिवाळीनंतर मामांनी हिरालालभाऊंना बोलावलं. शेत पाहायची आता त्यांची पाळी. मीही गेलो होतो. मामांनी त्यांना सगळी काळी पायी फिरवून दाखवली, आणि हिरालालभाऊंनी मनापासून मान डोलावली. घरी आल्यावर मी फ्रिजकडे गेलो तर मामांनी मागून हाक मारली.

"नळाचं नको. विहिरीचं आण."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बघत होते. मी विहिरीचं पाणी काढलं, तांब्या आणि पेला हिरालालभाऊंसमोर ठेवला. पहिल्या घोटाला त्यांचं तोंड वाकडं झालं, डोळे बारीक झाले. आम्ही सगळे बघत होतो. सुषमा दारात उभी होती. हिरालालभाऊंनी एकदा मामांकडे पाहिलं, मग पेला तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा करून खाली ठेवला.

"गोड हाय जी," ते म्हणाले.

"पाह्यलं?" मामा मला म्हणाले. "पुन्हा खोटं बोलला." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं आणि आत मामीला सांगितलं, "साखर आण वं. सोयऱ्याचं तोंड गोड करू."