पानाच्या कोपऱ्यातला अंगठा

नवऱ्याच्या नोकरीपायी मी एडिनबराला गेले आणि मला काम मिळालं ते एका ग्रंथालयात, जुन्या पोथ्यांचे फोटो काढायचं. त्यातली एक लॅटिन प्रार्थनांची, वासराच्या कातड्यावर हाताने लिहिलेली. कोण्या पाद्रीबुवांनी शेकडो वर्षांपूर्वी ती रोज वाचलेली. लॅटिनच्या नावाने माझी बोंबच, पण प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पान उलटणाऱ्या अंगठ्याचा काळपट डाग होता. आमच्या घरच्या पोथीला हळदीचा असायचा, तसाच.

दर मंगळवारी एक निवृत्त फादर ती पोथी बघायला येत. कागद नाही, पेन्सिल नाही, नुसते ओठ हलत. एकदा मी आगाऊपणे विचारलं, "फादर, घरी प्रार्थनेचं पुस्तक नाही का तुमच्याकडे?"

"आहे ना. पण घरी मी एकटा असतो." मग डागाकडे बोट दाखवून म्हणाले, "कित्येक वर्षं मी प्रार्थना म्हणतोय आणि पलीकडे कोणीच नाही. यालाही कधी तसं वाटलं असेल. तरी त्याने पान उलटलं, म्हणून मी उलटतो. हा आहे तोवर मीही उलटत राहीन."

मी उगाच फोटोसाठी लावलेले दिवे सरकवत बसले.

फोटो पूर्ण झाले आणि पोथी कुलपात गेली. आता ज्याला हवी त्याने ती कॉम्प्युटरवर बघायची.

"अहो, त्यांना वाचायची नाहीये, प्रार्थना करायचीय," मी आमच्या मुख्य बाईंना म्हटलं.

"त्यासाठी चर्च आहे," बाई म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. पण पानांना चिरा पडत होत्या हे खरं होतं, आणि फोटो तर मीच काढले होते.

मंगळवारी मी फादरना स्क्रीनसमोर बसवलं, डाग तळहाताएवढा मोठा करून दिला. त्यांनी प्रार्थना सुरू केली. ते फार सावकाश म्हणत. माउसला हात कोणी लावेना, तेव्हा मध्येच स्क्रीन काळा झाला. मी धावत जाऊन माउस हलवला. पुन्हा काळा. पुन्हा धावले, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. त्या काळ्या काचेच्या कोपऱ्यात आपला अंगठा टेकवला.

"गार आहे," ते म्हणाले. कोट घातला आणि गेले.

पुढच्या मंगळवारी ते आले नाहीत. नंतरही कधी नाही. त्यांचा पत्ता मी कधी विचारलाच नव्हता. रोज संध्याकाळी स्क्रीन पुसायचे असत. मी त्यांच्या अंगठ्याचा तेवढा कोपरा सोडून पुसायची. मग एका सकाळी कामावर आले, तर सफाईवाल्यांनी सगळे स्क्रीन लख्ख करून ठेवले होते.