पाचचं बटण

आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी चालले नाहीत, आणि कॉम्प्युटरच्या माणसाला तर भूत म्हणजे कुणाची तरी चूक... तरीही हे लिहितेय.

धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी कॉम्प्युटरचं बघते. सकाळचे दहा, ओपीडी खचाखच. टोकनच्या बोर्डावर एका डॉक्टरांची खोली चुकीची दिसत होती, म्हणून दिवसभराच्या एकशे चाळीस पेशंटांची यादी उघडली. दुसरी प्रत नव्हती. आमचा एडिटर, म्हणजे फाइल दुरुस्त करायचा प्रोग्राम, खडूस – एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटतं, दुसऱ्या अवस्थेत तीच कळ हुकूम होते. खोली दुरुस्त केली, सेव्ह करायला कोलन दाबलं... आणि त्यापुढे आपोआप उमटलं – टिंब, स्वल्पविराम, टिंब, अधिक चार. मी लिहिलंच नव्हतं!

एस्केप दाबलं, पुन्हा कोलन... पुन्हा तेच. तसंच सेव्ह करायला गेले तर म्हणे, अर्धवट फाइल लिहायची असेल तर उद्गारचिन्ह लावा.

काउंटरचे मनोहरभाऊ मागेच उभे होते. "मंग लाव ना वं ते! लोकं यवतमाळवरून येऊन बसून राहिले."

"थांबा भाऊ."

"काहून? निंबू उतरवू का त्याच्यावरून?"

बोट जवळपास गेलंच होतं. पण 'अर्धवट' हा शब्द खटकला. टिंब म्हणजे ही ओळ, पुढच्या आणखी चार... म्हणजे पाच! कोलनआधी आकडा दाबला की एडिटर तितक्याच ओळी धरतो. उद्गारचिन्ह लावलं असतं तर यादीत पाचच पेशंट उरले असते. कंट्रोल-यूनं ते उमटलेलं पुसलं, सेव्ह केलं – यादी शाबूत, बोर्डावर खोली बरोबर! मी टेबलावर हात आपटून ओरडले, "जमलं!" इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

"बाप्पा! हुशार निघाली वं तू," मनोहरभाऊ म्हणाले.

"भुताचं काही नाही भाऊ. कोणीतरी पाच दाबला होता, बस्स," मी कॉलर ताठ करून सांगितलं.

त्यांनी माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "कोणचा पाच?"

पाचचं बटण महिन्यापूर्वीच मेलंय. या लॅपटॉपला बाजूला आकड्यांची वेगळी बटणंही नाहीत. पासवर्डातला पाचसुद्धा मी कॉपी करून टाकते. दाबून पाहिलं... काहीच नाही.

यादी मी वाचवली, ते श्रेय कुणालाही देणार नाही. पण पाच दाबला कोणी?