जनरेटर चालू असताना आलेली हाक

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. ‘नव्हता’ असं म्हणत नाहीये... आजही नाही. इथले अनुभव मी चहा पिता पिता वाचतो आणि खाली प्रतिसादांत फाटे फोडतो. जुने सभासद मला त्यासाठीच ओळखत असतील. तरी हे लिहितोय, कारण रुचाने — माझ्या बायकोने — हा विषय आता बंद असं ठरवून टाकलंय, आणि माझ्या पोटात तो काही राहत नाही.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. चेन्नईत बरीच वर्षं झाली, मैलापूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मी सॉफ्टवेअरमध्ये. रुचा गुम्मिडिपूंडीला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघते. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. कंपनीच्या बसमध्येच तिचा निम्मा जीव जातो. आणि त्याच बसला, त्याच स्टॉपवर सेतू चढतो.

सेतू तिच्याच कारखान्यात मेंटेनन्सला इंजिनिअर आहे. तंजावरकडचं मराठी घराणं. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच, त्यामुळे मराठी आपल्यापेक्षा जुनी आणि हेल पक्का तमिळ. आईशी मराठी, बाकी जगाशी तमिळ. रुचा भेटल्यापासून त्याला मराठी बोलायला आणखी एक माणूस मिळालं. ‘सगळे’ला तो ‘अस्की’ म्हणतो. आणि रुचाला ‘रुच्चा’ म्हणतो — ‘च’वर असा दाब देऊन, की ते नाव वेगळ्याच बाईचं वाटावं.

माणूस सज्जन. त्याच्यात खोड काढायला मी पुष्कळ प्रयत्न केले, सापडली नाही... हाच तर त्रास होता. रोज येता-जाता दोन-दोन तास शेजारी बसून ही दोघं काय बोलतात? रुचाला विचारलं तर म्हणायची, “काही नाही रे, मशिनचं.” पण घरी आली की तिच्या बोलण्यात मधूनच ‘अस्की’ यायचं. मला ते भाजीत केस आल्यासारखं लागायचं.

मागच्या वर्षी आम्ही एक जुना कॅम्पिंग ट्रेलर घेतला. कोइंबतूरचं एक कुटुंब परदेशी निघालं होतं, त्यांच्याकडून. गाडीच्या मागे जोडायचा, आत दोघांपुरता बिछाना, मागचं झाकण उचललं की ओटा. वर एक छोटा एसीही बसवलेला. प्रश्न होता विजेचा. समुद्रकिनारी कुठे प्लग मिळणार?

यावर मी महिनाभर व्हिडिओ बघितले. माझं ठरलं होतं — बॅटरीवाला पॉवर स्टेशन. सूटकेसएवढा डबा, ना आवाज ना धूर, वर सोलर पॅनल. रुचाला सांगितलं. ती म्हणाली, “छान आहे. सेतूला विचारूया ना एकदा.”

शनिवारी तो आला. कॉफी घेतली, ट्रेलरच्या एसीवरची पट्टी वाचली आणि मान हलवली.

“असा बॉक्स पंखा, लाइट, फोन यास बरा हाय,” तो म्हणाला. “एसी लावलात तर तासभरात कारंट संपेल. आणि एसी सुरू होताना—”

“एकदम जास्त ओढतो,” रुचाने वाक्य पुरं केलं.

“सेरी, बरोबर. म्हणून पेट्रोलचा इन्व्हर्टर जनरेटर घ्या. लहान, आवाज कमी. पण लांब ठेवायचा, वारा बघून. धूर आत आला तर कळतसुद्धा नाही. धुरातल्या गॅसचा अलार्म मिळतो, तो घ्या.”

बोलणं बरोबर होतं. आकड्यांत मी कुठेच बसत नव्हतो. दोघं एकमेकांकडे बघून बोलत होती आणि मी कपबश्या उचलत होतो.

जनरेटर घ्यायलाही तिघं गेलो. दुकानदार सगळं तमिळमध्ये सेतूलाच सांगत होता. दोरी ओढून इंजिन सुरू करून दाखवलं, शेवटी कौतुकाने रुचाला म्हणाला, “तुमच्या मिस्टरांची निवड चांगली आहे, मॅडम.” रुचा हसली. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, “मिस्टर हे.” आधी हसली, मग सांगितलं. हा क्रम मी आजपर्यंत विसरलेलो नाही.

पहिली ट्रिप कोवलमला. म्हणजे चेन्नईजवळ ईसीआर या किनारी रस्त्यावरचं कोळ्यांचं गाव, केरळातलं नव्हे. गावाच्या पुढे किनाऱ्याला लागून एक नारळाची वाडी आहे, मालक सेतूच्याच ओळखीचा. आम्ही दोघांनी कामाच्या दिवशी रजा टाकली, गर्दी नको म्हणून. वाटेत रुचा म्हणाली, “सेतूला मेंटेनन्सचं ऑडिट नसतं तर तोही आला असता.” मी रेडिओचा आवाज वाढवला.

सकाळी पोचलो तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे होता. जनरेटर समुद्राच्या बाजूला, केबल पुरली तितका लांब ठेवला. धूर सरळ पाण्याकडे जात होता. केबल त्याच बाजूच्या खिडकीतून आत घेतली आणि फटीत टॉवेल कोंबला. अलार्म ऑनलाइन मागवला होता, तो अजून आला नव्हता. एका दिवसाने काय होतंय, असं दोघांनाही वाटलं.

दुपारी तळलेली मासळी आणि भात खाल्ला. ऊन असं की वाळूवर पाय ठेववेना. एसी लावला, दार आतून लावलं आणि आडवे झालो. डोकं जड वाटत होतं, ते मी उन्हावर ढकललं. चेन्नईत राहणाऱ्याला खरं तर माहीत असायला हवं — दुपारी वारा फिरतो. समुद्राकडून आत यायला लागतो.

त्यानंतरचं मला आठवतं ते तोंडात गेलेली वाळू. मी ट्रेलरबाहेर पालथा पडलो होतो आणि रुचा माझ्या पाठीवर थापा मारत होती. पोटातलं सगळं बाहेर आलं. डोकं फुटेल असं दुखत होतं. मी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं, तर ती इकडे-तिकडे बघत होती. पहिलं वाक्य काय बोलली?

“सेतू कुठे गेला?”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“आत्ता इथे होता,” ती म्हणाली. “दार वाजवलं त्याने. ‘रुच्चा, ऊठ, दार उघड’ म्हणाला. दोनदा. मला उठवेना, तर ओरडला. मी सरपटत जाऊन कडी काढली... बाहेर कोणीच नाही.”

तिनेच मला काखेत धरून बाहेर ओढलं होतं. जनरेटर तसाच गुरगुरत होता. धूर थेट खिडकीवर येत होता आणि टॉवेल आत पडला होता. रुचाने जाऊन जनरेटर बंद केला.

आता इथपर्यंत मला काहीच अवघड वाटत नाही. नंतर हॉस्पिटलमध्ये डॉक्टरही तेच म्हणाले. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की भास होतात. आवाज ऐकू येतात, माणसं दिसतात. जीव वाचवायला मेंदू एखादा ओळखीचा, भरवशाचा आवाज काढतो. डॉक्टर सहज बोलून गेले. ‘भरवशाचा’ हा शब्द मी घरी घेऊन आलो.

पण त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. वाडीच्या कडेला एक कोळीण सुकी मासळी निवडत बसली होती. आम्हाला पडलेलं बघून ती तांब्याभर पाणी घेऊन धावत आली. माझ्या तोंडावर पाणी मारलं, रुचाला धरून सावलीत बसवलं. मग मला तमिळमध्ये विचारलं,

“रुच्चा यारु?” म्हणजे, रुच्चा कोण?

आल्यापासून त्या बाईशी आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

माझं तमिळ तोडकंमोडकं. रुचाने विचारलं, तुला हे नाव कसं माहीत? ती म्हणाली, कोणीतरी पुरुष हाका मारत होता. केवढ्याने ओरडला, म्हणून तर मान वर केली. बघते तर तुमच्या गाडीपाशी कोणीच नाही. मग दार उघडलं आणि ही बाहेर पडली.

“हे होते का?” रुचाने माझ्याकडे बोट दाखवलं.

कोळणीने मला नीट न्याहाळलं. “हे तर नंतर आले ना,” ती म्हणाली. “तू ओढून आणलंस.”

रुचाने तिथूनच सेतूला फोन लावला. उचलला नाही. थोड्या वेळाने त्याचाच आला. तो गुम्मिडिपूंडीत होता, ऑडिटच्या माणसांबरोबर मशिनपाशी उभा, फोन लॉकरमध्ये. नंतर मी गुपचूप चौकशी केली... हो, केली. बसमधल्या आणखी दोघांना विचारलं. दिवसभर तो त्यांच्यासमोर होता.

संध्याकाळी तो कामावरून थेट हॉस्पिटलमध्ये आला. रुचाने सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसला तो बसलाच. मी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होतो, काहीतरी सापडेल म्हणून.

“तुला काही जाणवलं का त्या वेळी?” मी विचारलं.

“नाही. काईच नाही,” तो म्हणाला. “मी हाक मारली असती तर मला कळलं असतं की.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “जनरेटर मीच घ्या म्हणालो. माफ करा.”

खरं सांगू? माझा बॅटरीचा डबा असता तर धूरच नसता. हे त्याला ऐकवायची ती वेळ होती. पण तो रडवेला झाला होता, आणि ज्याच्या आवाजाने आपण जिवंत आहोत त्याला काय ऐकवणार?

त्या दिवसापासून तो रुचाला नावाने हाक मारत नाही. बसमध्ये ‘मॅडम’ म्हणतो. घाबरलाय बहुतेक. रुचाने मला हे सांगितलं तेव्हा तिचा सूर जरा दुखावलेला होता. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही... नाव घेणं सोडावं लागतं, इतकं त्या दोघांत काय आहे?

एकदा रुचा म्हणाली, “अरे, तूच झोपेत हाक मारली असशील.” माझं मन राखायला म्हणाली, कळत होतं मला. मी ‘असेल’ म्हणालो असतो तर विषय तिथेच मिटला असता. पण मी तिला ‘रुचू’ म्हणतो, आणि कोळणीने ऐकलेलं नाव ते नव्हतं.

भास म्हणावा, तर बाहेर बसलेल्या बाईला तो कसा ऐकू आला? आणि सेतूच आला होता म्हणावं, तर तो शहरापलीकडे चार माणसांत उभा होता. त्यातही, भास असेल तर मरतेवेळी माझ्या बायकोच्या मनाने त्याचा आवाज निवडला. भास नसेल तर तो आला... आणि तिच्यासाठी आला. माझं नाव त्याने घेतलं नाही.

कुणाला याचा उलगडा झाला तर जरूर लिहा. मला झालेला नाही. एवढंच माहीत आहे, की त्या दुपारी कोणीतरी हाक मारली म्हणून मी आज हे लिहितोय. मी तिच्या शेजारी, हाताच्या अंतरावर झोपलो होतो, आणि हाक माझी नव्हती.