तेरखेड्याला, छायाच्या भेटीला

सोलापूरच्या स्टँडवर दवाखान्यातल्या तुम्ही पाचजणी मला सोडायला आला होतात. गाडी हलली तेव्हा शकू मागून ओरडली, "घेऊनच या लेकीला!" आणि बाकीच्या हसल्या. परत आल्यावर सगळं लिहून काढीन, असं मी कबूल केलं होतं. त्याला दीड महिना झाला. पहिले काही दिवस तुम्ही विचारलंत, मग विचारायचं सोडून दिलंत. म्हणून आता लिहिते.

फाल्गुन संपत आला होता. तुळजापूरचा घाट चढून गाडी वर आली आणि मुलूख ओळखीचा वाटायला लागला. करडा माळ, मुरमाच्या टेकड्या, मधूनच एखादी बाभळ. यंदाही पाऊस नीट झालेला नाही. ज्वारीची धाटं वीतभर वाढून वाळली होती आणि लोकांनी ती तशीच जनावरांना सोडून दिली होती. मी खिडकीशी बसले होते, पण बाहेर बघवत नव्हतं. बहात्तर साली हाच रंग होता.

उस्मानाबादच्या स्टँडवर नळाला फडकं गुंडाळून ठेवलं होतं. अर्धा कप चहा घेतला आणि पुढच्या गाडीत बसले. या गाडीच्या टपावर दूध संस्थेचे रिकामे कॅन होते. प्रत्येक खड्ड्याला ते वर खडखडत होते.

येडशी मागे पडल्यावर चढावर इंजिन तापलं. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली, झाकण उघडलं आणि पाणी मागितलं. कुणी देईना. शेवटी एका म्हातारीने आपला तांब्या पुढे केला, मग बाकीच्यांनीही थोडंथोडं ओतलं. तोवर आम्ही बायका लिंबाच्या सावलीत बसलो.

ती म्हातारी माझ्याजवळ टेकली. चाँदबी तिचं नाव, येरमाळ्याची. बाजारच्या दिवशी गावोगाव फिरून बांगड्या भरायची. तिने फडकं सोडून अर्धी भाकरी आणि जवसाची चटणी माझ्या हातावर ठेवली.

"कुठं जायचं बेटी?"

"तेरखेड्याला. लेकीकडं."

मग मी तिला माझी हकीकत सांगितली. तुम्हाला जी सांगत आले तीच. दुष्काळात नवऱ्याने मारून घरातून हाकललं, पाच वर्षांची छाया ठेवून घेतली, मी सोलापुरात येऊन दवाखान्यात झाडू मारला, रात्रीच्या शाळेत शिकले, आता मलमपट्टीच्या खोलीत काम करते. मागच्या महिन्यात तेरखेड्याची एक बाई हात भाजून आमच्या वॉर्डात आली. तिच्या बोलण्यात छायाचं नाव आलं, आमच्या गावाचंही आलं. तेव्हा कळलं, पोर लग्न होऊन तेरखेड्याला आहे, फटाक्यांच्या शेडमध्ये जाते.

चाँदबी चावत ऐकत होती.

"किती साल झाली?"

"अकरा."

"इतकी साल भेटू दिली न्हाय?"

"न्हाय."

"कोन आडवं यायचं? नवरा?"

तुमच्यापैकी कुणी हा प्रश्न मला कधी विचारला नव्हता.

"कोणी नाही," मी म्हणाले.

"मंग तू गेलीच न्हाय, बेटी," चाँदबी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. यंदा पाऊस आला न्हाय, असं म्हणावं तसं ती म्हणाली. मग तिने फडक्याला गाठ मारली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. येरमाळ्याला ती उतरली, माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. तेवढं मात्र मला सहन झालं नाही.

खरं काय ते इथेच लिहिते, कारण मलाही ते नीट कळलं ते येरमाळा ते तेरखेडा या रस्त्यातच.

मला कुणी हाकललं नव्हतं. आम्ही नवराबायको खडी फोडायच्या कामावर होतो. धाकटं पोरगं जुलाबाने गेलं, त्याला माळावरच पुरलं. त्यानंतर छाया भूक लागली म्हणाली की मला तिच्याकडे बघवायचं नाही. एका दुपारी सोलापूरला जाणारा ट्रक कामाशेजारी थांबला. मी छायाला खडीच्या ढिगावर बसवलं, "हितंच बस, आले मी," म्हणाले आणि ट्रकमध्ये चढले. चार दिवसांत परत यायचं असं मनाशी म्हटलं होतं. सोलापुरात पहिल्यांदा पोटभर जेवले, झोपले. उठल्यावर परत जायचं मनातच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. वर्षभराने चुलत दीर दवाखान्यात आला, मला झाडू मारताना बघून म्हणाला, "वहिनी, घरी चला." मोठ्या नर्सबाई शेजारी उभ्या होत्या. मी म्हणाले, "मारून हाकललं मला, कशी येऊ?" तो खाली मान घालून गेला. नर्सबाईंनी त्याच आठवड्यात मला वसतिगृहात जागा मिळवून दिली.

तेरखेड्याला उतरले तेव्हा दुपार कलली होती. दूध संस्थेच्या खोलीला कुलूप होतं. दूधच नव्हतं, तर उघडणार कशाला. शेडचा रस्ता विचारत गेले. गावापासून लांब, मोकळ्या रानात पत्र्याच्या शेड आहेत. भिंतींवर मोठ्या अक्षरांत 'विडी-काडी मनाई' लिहिलेलं. जवळ गेलं की गंधकाचा वास घशाला लागतो. आत बायका पोत्यांवर बसून कागदाच्या नळ्या वळत होत्या.

दारातल्या बाईला मी छायाचं नाव सांगितलं. तिने हाक मारली आणि एक पोरगी बाहेर आली. सोळा वर्षांची, हात कोपरापर्यंत चंदेरी. फटाक्याची दारू कालवताना ॲल्युमिनियमची भुकटी हाताला लागते. एक खांदा खाली टाकून चालत होती, अगदी तिच्या बापासारखी.

"कोन पायजे तुमाला?"

"छाया, मी सुशीला. सोलापूरहून आले."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "आई?"

मी मानेनेच हो म्हटलं. तिने शेडकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "माझी आई आली!"

तिने मला झाडाखाली बसवलं. स्वतःच्या डब्यातलं माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कालवण) माझ्यापुढे ठेवलं. मी जेवते आहे की नाही ते बघत समोर बसली. भुकटीचे हात अंगाला लागू नयेत म्हणून तिने ते गुडघ्यांच्या पुढे धरले होते.

"म्या समद्यास्नी सांगायची, माझी आई वाईट न्हवती, तिला हाकललं व्हतं," ती म्हणाली. "बाबांनी सोता कबूल केलं माझ्यापाशी."

"काय कबूल केलं?"

"म्या लहान व्हते तवा इचारायची, आई कुठं गेली. ते गप बसायचे. मग काका सोलापूरला जाऊन आले. त्येंनी सांगितलं, बापानं मारून हाकललं म्हनून. म्या बाबांना इचारलं, खरं हाय का? लई येळ बोलले न्हाईत. मग म्हनले, व्हय, म्याच हाकललं."

मी डबा बाजूला सारला.

"तवापासनं त्येंच्याशी नीट बोलले न्हाय म्या. दोन सालाखाली हितं सासरी सांगावा (निरोप) आला, बाप शेवटचा हाय, नाव घेतोय तुझं, ये. म्या गेले न्हाय." ती माझ्याकडे बघून थोडी हसली. "म्या म्हनलं, तुमी माझ्या आईला उन्हात हाकललं, आता म्या पानी पाजायला कशाला येऊ?"

हे तिने माझ्यासाठी केलं होतं. इतकी वर्षं जपून ठेवलेली वस्तू हातात द्यावी तसं ती मला ते सांगत होती.

गप्प बसले असते तर पोर माझी होती. तिने आई म्हटलं होतं, चार बायकांत ओरडून सांगितलं होतं. माडग्यावर साय धरली.

"छाया," मी म्हणाले, "तुझ्या बाबांनी मला कधी हात लावला नाही. मला कुणी हाकललं नाही. मी गेले. सोलापुरात काकांना मी खोटं सांगितलं."

"गेले म्हंजी?"

मी सगळं सांगितलं. ट्रकचंही.

"अन् म्या कुठं व्हते?"

"खडीच्या ढिगावर. इथंच बस म्हणाले होते तुला."

तिने थोडा विचार केला. "किती येळ बसले असंन म्या?"

"मला माहीत नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती भुकटी डोळ्यांत गेली तर डोळा जातो, म्हणून तिने दोन्ही हात अंगापासून लांब धरले आणि तशीच रडत बसली. पाणी हनुवटीवरून खाली गळत होतं. मी पदर घेऊन पुढे झाले. तिने तोंड फिरवलं.

"मग ते कबूल कशाला झाले?" ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"तुला आईचा राग येऊ नये म्हणून असेल."

"अन् म्या त्येंना मरताना बघाया बी गेले न्हाय."

शेडमधल्या बायकांचं बोलणं थांबलं होतं. मग ती म्हणाली, "त्येंचं कायतरी सांगा."

मी आठवून बघितलं. दहा वर्षं मी त्यांना वाईट म्हणत आले, त्यामुळे चांगलं पटकन सापडेना. शेवटी म्हणाले, "कामावर सुकडी (सरकारी गोड पीठ) वाटायचे. तुझे बाबा म्हणायचे, माझं पोट दुखतंय, आणि स्वतःची तुझ्या वाटीत ओतायचे. रोज. पोट रोज कसं दुखतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही."

"मला आठवत न्हाय."

"तू पाच वर्षांची होतीस."

"येवढं तरी आठवाया पायजे व्हतं," ती म्हणाली. मग उठली. "जावा आता. पाचची गाडी हाय."

ती खांदा टाकून शेडमध्ये गेली. मी पाचच्या गाडीत बसले.

खरं सांगितलं की मन हलकं होतं, असं आपण वॉर्डात बायांना सांगतो. मला तसं काही झालेलं नाही. पूर्वी मला झोप लागायची, आता लागत नाही. ती पोर बापाच्या नावाने रडत असेल आणि तिचा बाप परत येणार नाही, हे मी केलं आहे. खोटं बोलून एकदा, आणि खरं सांगून दुसऱ्यांदा. मात्र आता मला माझ्याबद्दल कुणी विचारलं तर काय सांगायचं, हे ठाऊक आहे. ते यापूर्वी ठाऊक नव्हतं.

वसतिगृहातली जागा, रात्रीची शाळा, तुमची माया, हे सगळं मला त्या एका खोट्यावर मिळालं. जिला माझ्याशी बोलणं सोडावंसं वाटेल तिने सोडावं, मी रागावणार नाही. छायाला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे पत्र टाकायचीही सोय नाही. वैशाख संपायच्या आत मी पुन्हा जाणार आहे. ती शेडबाहेर येईलच असं नाही. मी जाईन.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि मी तर इतकी वर्षं तुमच्यापुढे त्यांना 'तो माणूस' म्हणत आले. त्यांचं नाव किसन. त्यांनी मला कधीही मारलं नाही.