भिडूचा खुलासा

दातांच्या कवळ्या करणारा थोरला आणि मोटार चालवायला शिकवणारा धाकटा, हे दोघे सख्खे भाऊ पत्त्यांच्या क्लबात एकाच टेबलाला समोरासमोर बसून ब्रिज खेळत आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. नव्या सभासदाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी कोणीतरी चवीने सांगायचं. ब्रिजमध्ये डाव चालू असताना भिडूशी बोलायला बंदीच असते, तेव्हा या दोघांइतकी नियमाला धरून असलेली जोडी दुसरी नाही, असा विनोद क्लबात रुळला होता. विनोद झाला की सगळे हसत आणि थोरलाही हसे. न हसून करतो काय?

कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण अर्धंच. पुष्कळ वर्षांपूर्वी ढालीच्या सामन्याचा शेवटचा फेरा चालू होता आणि दोन डाव उरले होते. थोरला पाणी प्यायला उठला तेव्हा चहाच्या काउंटरवरच्या बाईने त्याला फोनवर आलेला निरोप सांगितला. धाकट्याच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं, ती नवऱ्याला बोलावत होती, त्याला ताबडतोब पाठवा. ‘सांगतो,’ असं म्हणून थोरला टेबलाशी आला, खुर्ची पुढे ओढली, पत्ते उचलले आणि चार इस्पिक बोलला. तो डाव झाला, पुढचाही झाला. ढाल जिंकली. टाळ्या थांबल्यावर त्याने भावाला सांगितलं.

धाकटा पोचला तेव्हा बायको गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, तुम्ही आधी येऊनही त्या वाचल्या नसत्या. तेवढ्यावर भागलं असतं, पण नर्स भाबडी होती. ती म्हणाली, अहो, आत्ताआत्तापर्यंत शुद्धीत होत्या, सारख्या दाराकडेच बघत होत्या.

सगळं आटोपल्यावर धाकट्याने एकच विचारलं, “दादा, तुला निरोप कधी मिळाला होता?”

“मिळाला होता रे आधीच. पण खेळाच्या नादात विसरलो.”

‘दादा’ हा शब्द त्यानंतर धाकट्याच्या तोंडून कधी निघाला नाही. थोरला विसरला नव्हता. त्या दोन डावांतला एकेक पत्ता खेळताना तो निरोप त्याच्या घशात अडकलेला होता, आणि तरी त्याने खेळ मोडला नाही, कारण ढाल हातातोंडाशी आली होती. हे उरलेलं अर्धं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

लोकांना वाटलं, आता जोडी फुटणार. पुढच्याच शनिवारी दुपारी धाकटा आला आणि भावासमोर बसला. किती मोठं मन, असं बायका म्हणाल्या. मन वगैरे काही नव्हतं. धाकट्याने मुद्दाम तीच खुर्ची धरली होती जिच्या मागे काचेचं कपाट होतं, आणि कपाटात ती ढाल होती. भिडूकडे मान वर करून पाहिलं की थोरल्याला भावाचा चेहरा दिसे आणि त्याच्या डोक्यामागे ढाल दिसे. दर शनिवारी तेच. धाकट्याने खुर्ची कधी बदलली नाही आणि थोरल्याने कधी बदलायला सांगितली नाही.

थोरल्याला फार काही नको होतं. भावाने एकदा त्याच्याशी बोलावं, शिवी दिली तरी चालेल, म्हणजे मग आपल्यालाही खरं काय ते सांगून टाकता येईल, एवढंच. आपणहून जाऊन सांगायची छाती नव्हती. पूर्वी बोली तोंडी असे, तेव्हा धाकट्याचा आवाज तरी कानावर पडायचा. ‘एक बदाम.’ ‘दोन इस्पिक.’ ‘पास.’ थोरल्याने त्यावर वर्षं काढली. ‘पास’ म्हणताना भावाला सर्दी झाली आहे का, हेही त्याला कळायचं. मग क्लबाने सुधारणा केली. प्रत्येकापुढे बोलीच्या कार्डांची पेटी आली. तोंडाने काही बोलायचं नाही, कार्ड काढून टेबलावर ठेवायचं. पहिल्या शनिवारी थोरला घरी आला तो जेवला नाही.

“झालं काय?” बायकोने विचारलं.

“काही नाही. पेट्या आल्या.”

“त्यात तोंड पाडून बसण्यासारखं काय आहे?”

तो उठून कारखान्यात, म्हणजे घरामागच्या खोलीत, जाऊन बसला. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते, सगळे आ वासून. इतक्या जणांची तोंडं आपण उघडून दिली, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

नवी पद्धत त्याला सुचली ती त्या चिडीतून. हे दोघे खेळत ती जुनी, सरळ पद्धत. हातात चार बदाम असले की बदाम बोलायचे, किलवर असले की किलवर. जे बोललं तेच असतं, त्यामुळे समोरच्या जोडीला विचारण्यासारखं काही उरत नाही. क्लबातले बाकीचे मात्र एव्हाना नव्या पद्धतींवर गेले होते. त्यांत एक किलवर म्हटलं तर किलवर असतीलच असं नाही, हात जबरदस्त आहे एवढाच अर्थ. भिडूने एक नो ट्रंप, म्हणजे बिनहुकमी, म्हटल्यावर दोन बदाम बोललं तर बदाम नसतातच. माझ्याकडे पाच इस्पिक आहेत, तू इस्पिक बोल, असा तो इशारा. असे इशारे भिडूंनी आधी बसून ठरवावे लागतात. आणि नियम असा की समोरच्या जोडीने अर्थ विचारला तर बोलणाऱ्याने गप्प राहायचं, खुलासा त्याच्या भिडूने द्यायचा. भिडूने चुकीचा सांगितला, तर ज्याच्या जोडीला हात खेळायचा आहे, त्याने बोली संपल्यावर आणि पहिलं पान पडण्याआधी पंचाला बोलावून चूक दुरुस्त करायची.

म्हणजे पद्धत बदलायची तर भावाला बसून बोलावंच लागणार. थोरल्याने पंचाकरवी निरोप धाडला. पंच म्हणजे क्लबातले एक निवृत्त रेडिओ निवेदक, भला माणूस, लोकांची भांडणं मिटवायची हौस दांडगी. धाकट्याचं उत्तर आलं: चालेल, पण पंच हजर पाहिजेत.

मग रविवारी सकाळी कारखान्यात बैठकी सुरू झाल्या. धाकटा स्टुलावर बसून पंचांकडे बघत विचारायचा, “पंच, यांना विचारा, एक नो ट्रंप किती पॉइंटांवर बोलणार? जुन्यासारखं बारा ते चौदा, की नवीन, पंधरा ते सतरा?”

थोरला हातभर अंतरावर. “पंधरा ते सतरा,” तो म्हणायचा.

“पंधरा ते सतरा म्हणतात,” पंच गंभीरपणे सांगायचे.

“मग त्यांना सांगा, जुन्यात आपण हलक्या हातावर नो ट्रंप बोलून समोरच्यांची वाट अडवत होतो, ते आता जाणार. आणि जोरदार किलवरवर समोरचे मध्ये घुसले तर काय करायचं, तेही विचारा.”

थोरल्याची बायको चहा घेऊन आली की धाकटा तिच्याशी मात्र नीट बोले. “वहिनी, साखर कमी घाला हो, वजन वाढतंय.” पलीकडे नवरा कान टवकारून बसलाय, हे तिला दिसे. एकदा कप उचलता उचलता ती दिराला म्हणाली, “भाऊजी, दोघांच्या मध्ये माणूस बसवायची वेळ यावी, लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?” धाकटा हसला. “मला कशाला वाटेल, वहिनी?”

एका रविवारी थोरल्याने लबाडी केली. आज बैठक नाही, असं पंचांना परस्पर कळवून टाकलं. धाकटा आला, रिकामी खुर्ची पाहिली, आणि सगळं समजला. गाडी शिकवणाऱ्या माणसाला समोरचा कुठे वळणार ते आधी कळतं.

“बस ना,” थोरला म्हणाला. “येतीलच ते.”

धाकटा बसला. त्याने खिशातून पत्त्यांचा जोड काढला, पाच इस्पिक उताणे मांडले, आणि त्यांच्यावर बदामाची दुर्री ठेवून भावाकडे पाहिलं. दोन बदाम म्हणजे पाच इस्पिक. ठीक? थोरल्याने मान हलवली. मग पुढचा इशारा, मग त्यापुढचा. सबंध सकाळ त्याने ती पद्धत मुक्यानेच ठरवली. जाताना पत्ते गोळा केले, दार हलक्या हाताने लावलं. थोरला नंतर किती तरी वेळ मेण वितळवायचा दिवा लावून नुसता बसला होता. एकही दात बसवला नाही.

नव्या पद्धतीने त्याला एक सुख मात्र दिलं. आता समोरचे विचारायचे, तुमच्या भिडूच्या या बोलीचा अर्थ काय? आणि थोरला सविस्तर सांगायचा, तो असं म्हणतोय, त्याच्याकडे हे आहे, त्याला ते हवंय. भावाबद्दल त्याच्यादेखत बोलायला मिळे. धाकटा छताकडे बघत बसे. खुलासे अचूक असत, त्यामुळे त्याला दुरुस्त करण्यासारखं काही नसे.

ढालीचा सामना पुन्हा आला, आणि या दोघांचे पत्ते असे लागले की शेवटच्या फेरीला ते सगळ्यांच्या पुढे होते. समोर वकीलबाई आणि त्यांचा भिडू, एक तरुण मास्तर. थोरल्याने हात उचलला. मोठ्या पानांचे सोळा पॉइंट, सरळ हात. त्याने एक नो ट्रंपचं कार्ड ठेवलं. मास्तर पास. धाकट्याने दोन बदाम ठेवले.

“याचा अर्थ?” वकीलबाईंनी विचारलं.

थोरल्याने मान वर केली. भावाचा चेहरा, त्यामागे कपाट, कपाटात ती जागा जिथून ढाल आज पुसून बाहेर काढली होती. रिकामी जागा ढालीपेक्षाही वाईट दिसत होती. त्याच क्षणी त्याला कळलं की भावाचं तोंड उघडायची किल्ली आपल्या हातात आहे, आणि ती नियमाची आहे.

“बदाम आहेत त्याच्याकडे,” तो म्हणाला. “खरे बदाम. पाच.”

वकीलबाई पास. थोरल्यानेही पासचं कार्ड ठेवलं. मास्तर पास. इस्पिकांचा हात धाकट्याला आता बदाम हुकूम करून खेळायचा होता, म्हणजे ढाल गेल्यातच जमा. थोरल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो भावाच्या ओठांकडे बघत होता.

धाकट्याने हात वर करून पंचांना बोलावलं.

“माझ्या भिडूंनी चुकीचा खुलासा केलाय,” तो म्हणाला. आवाज अगदी शांत, ड्रायव्हिंगच्या गाडीत बोलावा तसा. “दोन बदाम म्हणजे इस्पिक. आमचं तसं ठरलंय.”

पंचांचा जीव भांड्यात पडला. असं नेहमीच होतं. “अहो, नवीन पद्धत आहे, विसरले असतील,” ते हसत थोरल्याला म्हणाले. “विसरलात ना? त्यात काही गुन्हा नाही. नुकसान झालं तर गुण बदलून देऊ, की झालं.”

“ते विसरलेले नाहीत,” धाकटा म्हणाला. “त्यांना माहीत होतं. माहीत असून वेळेवर न सांगायची त्यांना जुनी खोड आहे. आणि नंतर विसरलो म्हणायची.”

शेजारच्या टेबलांवरचे पत्ते थांबले. पंच थोरल्याकडे वळले. त्यांना मनापासून वाटत होतं की या माणसाने ‘विसरलो’ म्हणावं आणि सुटावं.

थोरल्याने पत्ते खाली ठेवले. “विसरलो नाही,” तो भावाकडे बघत म्हणाला. “मुद्दाम सांगितलं. आणि तेव्हाही विसरलो नव्हतो. निरोप लक्षात होता. मला ढाल हवी होती.”

इतक्या वर्षांचं ओझं त्याने असं टेबलावर ओतलं आणि वाट पाहत राहिला. शिवी येईल, हात उगारला जाईल, काहीही चालणार होतं. धाकट्याने आपले पत्ते सारखे केले.

“पंच,” तो म्हणाला, “उतारी वकीलबाईंची आहे ना?”

मुद्दाम खोटा खुलासा दिल्याबद्दल थोरल्याला क्लबाने वर्षभर खेळायला बंदी केली. ढाल वकीलबाईंना गेली. बायकोने ऐकलं तेव्हा ताट वाढलं आणि त्या दिवसापासून तिचंही बोलणं कामापुरतं उरलं.

प्रेक्षक म्हणून बसायला बंदी नव्हती. पुढच्या शनिवारी थोरला भिंतीलगतच्या खुर्चीवर येऊन बसला. धाकट्याने नवा भिडू घेतला होता, तो तरुण मास्तर. आणि धाकटा बोलत होता. डाव सुरू होण्याआधी बोलत होता, संपल्यावर बोलत होता, जुन्या आणि नव्या पद्धतींची तुलना करून हसत होता, मास्तरच्या खांद्यावर थाप मारत होता. तो आवाज थोरल्याने इतका सलग कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तो पुढे सरकून ऐकू लागला.

मास्तर बिचकत म्हणाला, “काका, ते दोन बदामाचं मला ऐन वेळी आठवेल की नाही, भीती वाटते.”

“अरे, विसरलास तर विसरलास,” धाकटा म्हणाला, आणि मग प्रथमच मान वळवून त्याने भिंतीकडे, सरळ भावाच्या डोळ्यांत पाहिलं. “खरंच विसरणाऱ्या माणसावर मी कधी रागावत नाही.”

थोरल्याचं तोंड उघडलं. तेवढ्यात पत्ते वाटून झाले, आणि डाव चालू असताना प्रेक्षकाने बोलायचं नसतं.